नाव न सांगता तक्रार करायची सोय काकांना हवी आहे, गुन्हेगारांना नाही

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, वय सत्तरच्या आसपास. गेल्या वर्षी त्यांनी खाडीकडेला खारफुटीत रात्री डंपर रिकामे होताना पाहिले. बांधकामाचा राडारोडा. काकांनी फोटो काढले, गाड्यांचे नंबर टिपले, तारीख-वेळ घालून व्यवस्थित अर्ज लिहिला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. पोचसुद्धा घेतली. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती, 'माझे नाव गुप्त ठेवावे ही विनंती'.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना फोन आला. शिवी नाही, धमकी नाही. एकदम गोड आवाज. "काका, वडाळे तलावावर रोज सकाळी फिरायला येता ना? येत जा, येत जा. तब्येतीला चांगलं असतं."

एवढंच बोलून फोन ठेवला. काका आता तलावावर जात नाहीत. गच्चीवर फेऱ्या मारतात.

कार्यालय कुठलं ते मी लिहिणार नाही, कारण ते लिहिलं की काका कोण ते आपोआप कळेल. पण हा किस्सा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. कारण गेल्या आठवड्यात कट्ट्यावर विषय निघाला, मी रात्री बसून काय काम करतो याचा, आणि एका मित्राने सगळ्यांसमोर ऐकवलं, "अरे हा डार्क वेबवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो! ज्याने काही केलं नाही त्याला लपवायचं काय असतं रे?"

तेव्हा हसून सोडून दिलं. आज सविस्तर उत्तर देतो.

मी दिवसा महापेला पगारासाठी कोड लिहितो, तुमच्यापैकी निम्मे लिहिता तसाच. रात्री एका ओपन सोर्स प्रकल्पात थोडा हात लावतो. पैसे मिळत नाहीत. काम फार थोर आहे असंही नाही. मराठी भाषांतर, जुन्या अँड्रॉइड फोनवर चाचणी, मधूनच एखादा बग. माझे गेले दोन महिने एकाच भानगडीत गेले. काही कंपन्यांचे स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेलं ॲप गपचूप मारून टाकतात. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून अंगणवाडी ताईपर्यंत सगळ्यांकडे तेच फोन. मग निरोप पोचणार कसा? गुप्त हेरगिरीचं जग म्हणतात ते प्रत्यक्षात हे असं असतं, बॅटरीच्या तक्रारी आणि अनुस्वाराच्या चुका.

ही पीअर-टू-पीअर नेटवर्क म्हणजे काय ते आधी सांगतो. आपण व्हॉट्सॲपवर बोलतो तेव्हा मध्ये एक कंपनी असते, तिचे सर्व्हर असतात. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं हे मधल्याला कळू शकतं. पीअर-टू-पीअरमध्ये मधला माणूसच काढून टाकलेला असतो. तुमचं यंत्र थेट माझ्या यंत्राशी बोलतं, किंवा आपल्यासारख्याच इतरांच्या यंत्रांमधून.

आणि अनामिक कसं? मुंबईचा डबेवाला आठवा. डबा घरून ऑफिसला पोचेपर्यंत तीन-चार हात बदलतो. एकच माणूस सगळा प्रवास करत नाही. टॉर नावाच्या नेटवर्कमध्ये तसंच आहे, फक्त तिथे डब्यावरचा पत्तासुद्धा एकावर एक वेष्टनांत गुंडाळलेला असतो. प्रत्येक जण आपल्यापुरतं एकच वेष्टन काढतो आणि त्याला एवढंच कळतं की डबा कोणाकडून आला आणि पुढे कोणाला द्यायचा. पहिल्याला घर माहीत पण ऑफिस नाही. शेवटच्याला ऑफिस माहीत पण घर नाही. मधल्याला दोन्ही नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं म्हणून इंग्रजीत नावही कांद्यावरूनच पडलं. (आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा याच्याशी संबंध नाही, असता तर मी अजून अभिमानाने केलं असतं.)

ही कल्पना कोणा ड्रग्जवाल्याने काढलेली नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तिच्यावर काम सुरू झालं. त्यांनाही लवकर एक गोष्ट उमगली. हे नेटवर्क फक्त नौदलाचे लोक वापरणार असतील तर त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे उघडच होणार. गर्दी हवी. सगळ्या प्रकारच्या माणसांची गर्दी असेल तरच त्यात एक माणूस लपू शकतो. म्हणून कोड जगाला खुला केला. काका गर्दीत मिसळायचे असतील तर त्या गर्दीत तुम्ही-मीही असायला लागतो. 'मला काय गरज' म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

आता आपल्या सरकारने काय केलं ते बघा. मे २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली की केंद्राने चौदा मेसेंजर ॲप्स बंद केली. कारण दिलं की जम्मू-काश्मीरमध्ये अतिरेकी त्यांचा वापर करतात, आणि या ॲप्सचे भारतात प्रतिनिधी नाहीत, माहिती मागायची तर कोणाकडे मागणार. त्या यादीत ब्रायर होतं आणि एलेमेंटही. दोन्ही ओपन सोर्स. ब्रायर तर असं आहे की दोन फोन जवळ असतील तर ब्लूटूथ किंवा वायफायवरून बोलतात, लांब असतील तर टॉरमधून. मध्ये सर्व्हर नाहीच. ज्याचा कारखानाच नाही त्याचा शाखाधिकारी कुठून आणायचा? आणि एलेमेंट ज्या मॅट्रिक्स नावाच्या तंत्रावर चालतं त्याच तंत्रावर फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मेसेंजर उभा केलाय आणि जर्मनीच्या लष्करानेही. त्यांच्या सैन्याला चालतं ते आपल्या नागरिकाला धोकादायक.

बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. या कलमाच्या नियमांतच गोपनीयतेची तरतूद आहे, त्यामुळे आदेश तुम्हाला-मला वाचायला मिळत नाही. म्हणजे सरकारचा आदेश गुप्त राहू शकतो. काकांचं नाव नाही.

अतिरेकी वापरत नसतील असं मी म्हणत नाही. वापरत असतील. ते मोटारसायकलही वापरतात आणि सिमकार्डही. मुद्दा असा आहे की बंदी घातल्यावर नक्की कोण थांबतं? ज्याला पकडलं गेलं तर जन्मठेप आहे तो ॲपवरच्या बंदीला घाबरणार नाही, तो दुसऱ्या मार्गाने तेच ॲप आणेल, कोड खुला आहे. थांबतो तो कायदा पाळणारा. थांबतात काका.

दुसरं बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली किती ज्येष्ठ नागरिक लुटले गेले. पोलिसाच्या वेशातला माणूस कुठून बोलत होता? साध्या व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवरून. त्यासाठी कोणी टॉर वापरलं नाही. गरजच पडली नाही. तरी व्हॉट्सॲपवर बंदी घाला असं कोणी म्हटलं नाही, म्हणूही नये.

राहिला डार्क वेबचा बाजार. तो आहे, घाण आहे. लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर तिथे फिरतो हे मला कुणी सांगायला नको, आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी या प्रश्नाने झोप उडून बसलाय. 'आम्ही फक्त रस्ता बांधला' असं म्हणून मी हात झटकणार नाही. पण या बाजारांचे सूत्रधार पकडले कसे गेले तेही बघा. सिल्क रोडवाला २०१३ मध्ये सापडला तो सुरुवातीला जाहिरात करताना स्वतःचा ईमेल पत्ता देऊन बसला होता म्हणून. अल्फाबे चालवणारा २०१७ मध्ये सापडला, त्याने स्वागताच्या ईमेलमध्ये आपला जुना हॉटमेल पत्ता ठेवला होता. नेटवर्क न तोडता, चिकाटीने कागद चाळून पकडले. पोलीस तपास म्हणतात तो हाच. जगभर नेटवर्क मोडून ठेवली असती तर हे दोघे कदाचित दुसरीकडे गेले असते, पण सोबत हजारो पत्रकार आणि तक्रारदार उघडे पडले असते.

आता 'लपवायचं काय'. माझ्या मित्राला मी एवढंच विचारतो, मतदानाला जातोस तेव्हा पुठ्ठ्याच्या आडोशामागे का उभा राहतोस? काय लपवतोस? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नोटा'चं बटण द्यायला सांगितलं तेव्हा मुख्य आधार हाच होता की मत न देणाऱ्याचीही गुप्तता राहिली पाहिजे. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपली लोकशाहीच अनामिक चिठ्ठीवर उभी आहे. पाच वर्षांतून एकदा अनामिक राहायचं चालतं, मग मधल्या पाच वर्षांत भ्रष्टाचार दिसला तर?

सत्येंद्र दुबे आठवतो का? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण इंजिनिअर. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातली लूट पाहून थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि विनंती केली की नाव गुप्त ठेवा. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयामध्ये त्याला गोळी घातली. सीबीआयच्या तपासात तो लुटीतून झालेला खून ठरला, शिक्षाही झाल्या. ठीक आहे. पण नाव फुटलं होतं हे कोणी नाकारलेलं नाही.

ते बिहारचं झालं म्हणाल. मग आपल्या एक्स्प्रेसवेचं घ्या. कळंबोलीला जो सुरू होतो तोच. त्या रस्त्याच्या आसपासचे जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढले तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांनी. जिवाला धोका आहे म्हणून पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना मारलं.

सकाळी फिरायला. काकांना आलेला फोन परत वाचा.

दुबेच्या मृत्यूनंतर देशभर ओरड झाली, आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा संसदेने मंजूर केला. राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून लागू झालेला नाही. आणि लागू झाला तरी फार हुरळू नका, कारण त्यात स्पष्ट लिहिलंय की तक्रारदाराने ओळख दिली नसेल तर तक्रारीची दखल घेतली जाणार नाही. म्हणजे आधी नाव द्या, मग आम्ही ते जपू. कोणाच्या भरवशावर? ज्या टेबलावरून दुबेचं पत्र फिरलं त्याच्या?

माझं म्हणणं इथेच आहे. गुप्तता ही कोणाच्या तोंडी आश्वासनावर सोडायची गोष्ट नाही. क्लार्क चांगला असेल तर नाव जपेल, नसेल तर शंभर रुपयांत विकेल, किंवा फुकटच बोलून जाईल, वाईट हेतू नसतानाही. व्यवस्था अशी हवी की क्लार्कला नाव माहीतच नसेल. जे माहीत नाही ते फुटत नाही. गणितातून येणारी गुप्तता ती हीच, आणि अशी सॉफ्टवेअरं लिहिणारे आम्ही लोक तेवढ्यासाठीच रात्री जागतो.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवायला जागा बदलत राहिले. ऑगस्टमध्ये सुरू झालेला तो रेडिओ नोव्हेंबरमध्ये पकडला गेला, कारण आतलाच एक तंत्रज्ञ फुटला. धाडसात काही कमी नव्हतं. पण एक ट्रान्समीटर आणि त्याचा पत्ता माहीत असलेला एक माणूस, एवढं पुरेसं झालं. मधला एक बिंदू ठेवलात की सगळं त्याच्यावर येऊन थांबतं.

यावर आपल्या पनवेलचंच उलट टोक बघा. जुलै २०२० मध्ये आपल्याकडे योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं. कंपनी सांगते एकाच इमारतीत ७,२०० रॅक. अशा इमारती हव्यात, त्याशिवाय यूपीआय चालणार नाही आणि ही पोस्टही तुम्हाला दिसणार नाही. माझा राग तिच्यावर नाही. पण जगातला सगळा संवाद अशा चार-दोन इमारतींतूनच जायला हवा, आणि प्रत्येक इमारतीच्या दारावर हुकूम घेऊन जाता आलं पाहिजे, हा हट्ट चुकीचा आहे. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने नियम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर पाच वर्षं जपून ठेवावेत. काही मोठ्या कंपन्यांनी त्यापेक्षा भारतातले सर्व्हरच हलवले. त्यातून आपल्याला काय मिळालं? नोंदी नाहीतच, सर्व्हरही गेले.

काही जण म्हणतात, बरं, गुप्तता हवी तर आपलं देशी बंद ॲप बनवू, कोड कोणाला दाखवायचा नाही म्हणजे सुरक्षित. हा सगळ्यात मोठा गैरसमज. क्रिप्टो एजी नावाची स्विस कंपनी अनेक दशकं देशोदेशीच्या सरकारांना सांकेतिक संदेशांची यंत्रं विकत होती. ग्राहकांत भारत होता, पाकिस्तानही होता. फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालं की कंपनीची गुप्त मालकी अमेरिकेच्या सीआयए आणि जर्मन गुप्तहेर खात्याकडे होती. म्हणजे आपलं सरकार पैसे मोजून यंत्र घेत होतं आणि त्याची किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात होती. पेटी बंद होती, आत कोणी पाहिलं नाही. खुल्या कोडमध्ये घोळ होत नाहीत असं नाही, खूप होतात, माझ्याच हातून झालेत. पण तो कोड पुण्यातला विद्यार्थी वाचू शकतो, आपलं सीडॅक वाचू शकतं, रशियातला माझा कट्टर टीकाकारही वाचतो आणि चूक सापडली की माझी जाहीर हजामत करतो. 'टॉरला अमेरिकेचे पैसे आहेत' म्हणणाऱ्यांनाही उत्तर हेच. आहेत. म्हणून वाचा तो कोड.

बरं, नुसतं सरकारला झोडून मी मोकळा होणार नाही. आपण आयटीवाले काय करतो? खांदा कॉलनी, कामोठे, खारघर, प्रत्येक बिल्डिंगमध्ये पाच-सहा जण कोड लिहिणारे. ओपन सोर्स वापरतो रोज, त्याच्यावरच पगार होतो, परत देतो किती? एका मुलाखतीत मला सांगितलं गेलं की रिझ्युमेतून ते टॉरबिर काढून टाका, क्लायंटला बरं वाटत नाही. काढलं मी. गृहकर्ज होतं. लाज वाटते अजून. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही हेच ऐकलं असतं.

आता नुसती चिडचिड नाही, एक मागणी आहे. बार्सिलोनाच्या महापालिकेने २०१७ मध्ये भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी एक ऑनलाइन पेटी सुरू केली. टॉरमधून तक्रार टाकता येते, नाव द्यायची सक्ती नाही, पालिकेला पाठवणाऱ्याचा पत्ता कळतच नाही. तक्रारदाराला एक क्रमांक मिळतो, त्यावर तो परत येऊन उत्तर वाचू शकतो, अधिकारी त्याला जादा पुरावा मागू शकतात, दोघांची ओळख न होता. ग्लोबालीक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे त्यामागे. फुकट आहे. परवाना शुल्क शून्य. बातमीदारांसाठी सिक्युअरड्रॉपही असंच.

खोट्या तक्रारींचा पूर येईल? येतील काही. पण काकांच्या अर्जात फोटो होते, गाड्यांचे नंबर होते, वेळ होती. ते तपासायला काकांचं नाव कशाला लागतं? डंपर कुठे रिकामा झाला हे जागेवर जाऊन दिसतं. तक्रार खरी की खोटी हे पुराव्यावरून ठरवा, माणसावरून नको.

आणि हेही सांगतो, ही पेटी म्हणजे जादू नाही. फोटोमध्ये जागेची नोंद राहिली, अर्जात 'मी चौथ्या मजल्यावरून पाहिले' असं लिहिलं, ऑफिसच्याच कॉम्प्युटरवरून पाठवलं, तर जगातलं कुठलंही नेटवर्क तुम्हाला वाचवणार नाही. ते मराठीत, सोप्या शब्दांत, पेटीच्या दारावरच लिहिलेलं पाहिजे. ते लिहायची माझी तयारी आहे, सुरुवात केलीये.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. वयाने लहान आहे, जुन्या सवयी अजून फार घट्ट नसाव्यात. आयुक्तांना द्यायचा अर्ज तयार आहे, दोन पानी. मागणी एकच, अशी एक पेटी सुरू करा, उभारणीचं तांत्रिक काम आम्ही काही जण विनामोबदला करून देतो, कोड सगळ्यांना तपासायला खुला राहील, आणि पेटीच्या किल्ल्या एकाच्या हातात न राहता तिघांच्या हातात राहतील.

काल काकांकडे अर्ज घेऊन गेलो होतो. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. सही मागितली तर म्हणाले, "तू कर रे. माझं नको."

अर्जावर सध्या अकरा सह्या आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच आहे, ओळखीच्यांनी येऊन वाचून सही करावी, न पटलं तर भांडावं, चहा आहे. ज्यांना कोड किंवा मराठी भाषांतरात मदत करायची आहे त्यांनी मेसेज करा. जुना, हळू चालणारा, स्क्रीन फुटलेला अँड्रॉइड फोन पडून असेल तर तोही आणा, चाचणीला तसलेच लागतात.